इंदूताईंच्या कॅमेऱ्याचे पाढे

प्रिय मिहिर आणि तन्वी,

मिहिर, परवा तू नव्या घराचे फोटो पाठवलेस. खिडकीबाहेरचा बर्फ पाहिला, स्वयंपाकघरातला पसाराही पाहिला. (तो आवरून मग फोटो काढायचा असतो.) पुस्तकांच्या फळीवर, कुंडीच्या शेजारी, एक जुना कॅमेरा दिसला. एकावर एक अशी दोन भिंगं असलेला, काळा, चौकोनी. खाली तू लिहिलं होतंस, ‘आजी, जुन्या बाजारात मिळाला. चालत नाही, पण शोभेला छान आहे.’

मला तुझा राग आला नाही. पण माझ्या ओळखीच्या एक बाई होत्या, त्यांच्यापुढे हे वाक्य उच्चारायची बोईसरमध्ये कुणाची छाती नव्हती. त्या गेल्या वर्षी गेल्या. आता त्यांच्या वतीने कुणीतरी तुला बोललं पाहिजे, म्हणून हे लिहायला बसले आहे. तन्वी, तूही वाच, कारण तुम्ही दोघं मिळून जुन्या बाजारात जाता हे मला माहीत आहे.

आयुष्यभर मी शाळेत इंग्रजी शिकवलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण इंदूताईंना इंग्रजीत बोलायला लावणं मला जमायचं नाही. कुठे अडलात तर बाबाला विचारा. त्याचा पहिलीतला रडका फोटो इंदूताईंनीच काढलेला आहे. तो का रडत होता, तेही विचारा.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. तुमच्या आजोबांना तारापूरच्या वीजकेंद्रात नोकरी लागली आणि आम्ही बोईसरला आलो. आता मी पालघरला राहते, पण माझी निम्मी ओळखदेख अजून बोईसरचीच आहे. इंदूताई मात्र इथल्याच. माहेर केळव्याचं, पानवेलीची आणि केळीची वाडी असलेलं घर. सासरी फोटो स्टुडिओ. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला फरसाणवाला आणि मध्ये हे अरुंद दुकान. पुढे बाकडं, आरसा आणि दोरीला बांधलेला कंगवा, आत पडदा, त्याच्याही आत काळोखी खोली.

इंदूताई उंच होत्या, हाडापेराने मजबूत. त्यांनी दुकानातून हाक मारली की टायरवाल्याच्या हातातला चहा हिंदकळायचा. अंबाड्यात सोनचाफ्याचं फूल, मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला करून बांधलेलं. जाड काचांच्या चष्म्यावर घड्याळजीचं भिंग नाडीने बांधलेलं असायचं. ते वर सरकवायचं विसरून त्या तशाच बाजारात जायच्या. भाजीवाल्या हसायच्या. इंदूताई म्हणायच्या, “हसा, हसा. मला तुमच्या भेंडीतली अळी दिसते इथनं.”

लग्नाकार्यात फोटो काढायचे ते त्यांचे यजमान, दत्ताभाऊ. इंदूताई काळोख्या खोलीत रोल धुवायच्या, फोटो छापायच्या. कॅमेरा एकच, तुझ्यासारखाच, दोन डोळ्यांचा. परदेशातल्या ज्या कंपनीने तो बनवला, ती केव्हाच बंद झाली. एकदा तो बिघडला म्हणून दत्ताभाऊंनी मुंबईला एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. बऱ्याच महिन्यांनी परत आला तो खालचं भिंग बदलून. यांचं चांगलं भिंग काढून त्याने दुसऱ्याच कुठल्यातरी कॅमेऱ्याचं ओरखडे पडलेलं बसवलं होतं. दत्ताभाऊ मऊ स्वभावाचे, गप्प बसले. इंदूताई तशाच गाडीत बसून मुंबईला गेल्या आणि भिंग घेऊन परत आल्या. तिथे काय झालं ते त्यांनी कधी सविस्तर सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, “आमी लेक धाडली, त्यांनी दुसऱ्याचीच पोर परत पाठवली. असं कुठं असतं काय?”

त्या दिवसापासून कॅमेरा घराबाहेर दुरुस्तीला गेला नाही. इंदूताईंनी तो स्वतः उघडायला सुरुवात केली. त्यासाठी घरातला मिसळणाचा डबा त्यांनी स्वयंपाकातून कायमचा काढून घेतला. कॅमेरा उघडताना पहिल्या थराचे स्क्रू मोहरीच्या वाटीत, दुसऱ्या थराचे जिऱ्याच्या, शटरचे हळदीच्या, असे ठेवायचे आणि बसवताना उलट क्रमाने परत यायचं. डब्यात मसाला कधीच नसायचा, पण वाट्यांची नावं राहिली. “हळदीतला बारका स्क्रू दे,” असं त्या म्हणाल्या की नव्या माणसाला वाटायचं, यांचं डोकं फिरलंय.

आता पाढ्यांचं सांगते. आमच्याकडची हवा खारी. आठवडाभर न वापरलेली कात्रीसुद्धा कुरकुरते. कॅमेऱ्याच्या पोटात दातेरी चाकांची एक बारीक गाडी असते. शटर सावकाश उघडायचं-मिटायचं असेल तर ती चालावी लागते. तिच्यातलं वंगण या हवेत चिकट होतं आणि गाडी अडते. त्यावर इंदूताईंचा उपाय असा की रोज सकाळी देवाला फूल वाहण्याआधी कॅमेऱ्याकडून पाढे म्हणवून घ्यायचे. रिकामाच कॅमेरा कानाशी धरायचा, एक सेकंदावर लावायचा आणि सोडायचा. कर्रर्र, टक. मग अर्ध्यावर, त्याला त्या निमकी म्हणायच्या. मग पाव, म्हणजे पावकी. तिथून खाली सरसर सगळे. आवाज जरा ओढला गेला तर त्या म्हणायच्या, “आज सर्दी झालीय ह्याला,” आणि पुन्हा म्हणवून घ्यायच्या. तुमचे पणजोबा लहानपणी मला असेच पाढे विचारायचे. चुकलं की पहिल्यापासून.

दत्ताभाऊ गेले तेव्हा रोलचे दिवसही जात आले होते. बोईसरच्या बाकीच्या फोटोवाल्यांनी नवे कॅमेरे घेतले, मग संगणक आले, मग ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला. इंदूताईंनीही ओळखपत्राच्या फोटोंसाठी एक नवं यंत्र घेतलं, पण ते सुनेच्या ताब्यात दिलं. सून नयना, विक्रमगडकडची, अबोल आणि कामाला वाघ. इंदूताई त्या यंत्राला हात लावायच्या नाहीत. एक कामगार उत्तरेकडचा, गावी पाठवायला फोटो काढायला आला आणि जुना कॅमेरा बघून हसला. इंदूताईंनी त्याला आपल्या हिंदीत सुनावलं, “हसता क्यों है? तेरा मोबाइल दो साल में मरेगा. ये तेरे बाप से बड़ा है, अभी तक खड़ा है.” त्याने मुकाट्याने त्याच कॅमेऱ्यापुढे बसून फोटो काढून घेतला आणि पुढच्या दिवाळीला खोलीतल्या तिघांना घेऊन आला.

जुन्या कॅमेऱ्याला गिऱ्हाईक राहिलं त्याचं कारण मात्र वेगळं. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांत एक रीत होती. आपण गेल्यावर भिंतीवर जो फोटो लागायचा, तो धडधाकट असतानाच काढून पेटीत ठेवायचा. भिंतीचा फोटो म्हणत त्याला. पोरं ऐन वेळी कुठल्यातरी लग्नातला घोळक्यातला फोटो कापून मोठा करतात, शेजारणीचा खांदा तसाच राहतो. त्यापेक्षा आपली सोय आपण केलेली बरी. आणि तो फोटो इंदूताईंच्याच डब्यातला पाहिजे. कॅमेऱ्याला सगळे डबाच म्हणायचे.

बेटेगावचे एक आजोबा आले होते, मी बाकड्यावर बसले होते तेव्हा. अंगात मुलाचा कोट, चेहरा कोर्टात उभा केल्यासारखा. इंदूताई मान खाली घालून कॅमेऱ्यात बघता बघता म्हणाल्या, “ओ काका, हा फोटो नातवंडांनी रोज जेवताना बघायचा हाय. असं तोंड केलंत तर पोरं उपाशी उठतील.”

“मंग काय मेल्यावर हसू?”

“जिवंतपणी हसला असाल तर हसा. नसाल तर निदान टोपी सरळ करा.”

आजोबांना हसू आलं आणि त्याच क्षणी टक झालं. दोन-तीन वर्षांनी मी त्यांच्या घरी भेटायला गेले, तेव्हा तो फोटो भिंतीवर होता. खोलीतली सगळी माणसं रडत होती आणि आजोबा तेवढे हसत होते.

मिहिर, तुझ्या लक्षात आलं असेल, या कॅमेऱ्यात वरून बघायचं असतं. पोटाशी धरायचा, झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत बघायचं. समोरच्या माणसाला फोटो काढणाऱ्याच्या डोक्यावरचा भांग दिसतो. इंदूताई एरवी कुणापुढे मान वाकवणाऱ्या नव्हत्या. नगरसेवक आला तरी त्या बाकड्यावरून उठायच्या नाहीत. पण गिऱ्हाईक कोणीही असो, झाडूवाली असो की कारखान्याचा मालक, फोटो काढताना मान खाली जायचीच. “मोबाईलवाला बंदूक रोखल्यासारखा रोखतो,” त्या म्हणायच्या. “ह्याच्यात समोरच्याला नमस्कार केल्याबिगर फोटोच येत नाय.”

मनोरजवळ महामार्गावर एक नवं हॉटेल व्हायचं होतं. जुन्या वस्तूंनी सजवलेलं. त्याचे मालक स्टुडिओत आले, माणूस सभ्य होता. भिंतीवर बैलगाडीचं चाक लावलंय, कंदील आहेत, रेडिओ आहे, आता दर्शनी काचेच्या कपाटात असा एक कॅमेरा हवाय, म्हणाल ती किंमत देतो, असं त्यांनी सांगितलं. इंदूताईंनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, “चाक लावलंत, चांगलं केलंत. बैल कुठाय?” ते हसले. मग इंदूताईंनी कॅमेरा एकावर लावला, त्यांच्या कानाशी धरला आणि सोडला.

“ऐकलंत? बोलतोय तो. बोलणाऱ्याला भिंतीला टांगत नाय आमी. त्याच्यासाठी आधी मरायला लागतं.”

मालक गेले, पण तो विषय घरातून गेला नाही. इंदूताईंचा मुलगा विलास औद्योगिक वसाहतीत पाळीवर जायचा. मुलगा चांगला. त्याचं म्हणणं एवढंच की आईचे गुडघे गेलेत, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, मोबाईलची कव्हरं विकणारा एकजण दुकान भाड्याने मागतोय, आता पुरे. कॅमेरा हॉटेलात का होईना, चार लोकांना दिसेल. असंच एकदा माझ्यादेखत बोलणं वाढलं आणि इंदूताईंनी बाकड्यावर हात आपटला. “ज्या दिवशी हा बंद पडेल, त्या दिवशी मीच कुलूप लावीन आन चावी तुझ्या हातात देईन. तोवर ह्या दुकानात कव्हरं येणार नाय.”

असं बोलून त्यांनी सगळं त्या एका यंत्रावर ठेवलं. विलासने ते वाक्य नीट लक्षात ठेवलं.

त्याच वर्षी श्रावणात इंदूताई भावाकडे केळव्याला गेल्या. पाऊस असा की भिंतींना हात लावला तर ओला व्हायचा. कॅमेरा स्टीलच्या डब्यात असायचा, सोबत दमटपणा शोषून घ्यायला कोरड्या तांदळाची एक पुरचुंडी. नयनाने ती पुरचुंडी रोज पाहिली होती. पुरचुंडीभर तांदळाने कॅमेरा कोरडा राहत असेल तर पिंपभर तांदळात किती कोरडा राहील, असा तिने विचार केला. फडक्यात गुंडाळून तिने तो वर्षाच्या तांदळाच्या पिंपात खोल पुरून ठेवला.

विचार सरळ होता. पण त्या पुरचुंडीतले तांदूळ नुसते असायचे आणि पिंपातल्या तांदळाला, पोरकिडे होऊ नयेत म्हणून, एरंडेल आणि बोरिक पावडर चोळलेली होती. तुमच्या घरी सुपरमार्केटचे तांदूळ येतात, म्हणून सांगते.

इंदूताई परतल्या, सकाळी पाढे घ्यायला बसल्या. शटर उघडलं आणि मिटलंच नाही. योगायोगाने त्याच दिवशी मी गेले होते. नयना पडद्याला धरून रडत होती. आता हिचं काय होतं, या काळजीने मी दारातच थबकले. इंदूताईंनी कॅमेऱ्याचा वास घेतला, बोट घासून बघितलं आणि म्हणाल्या, “एरंडेल. पोट साफ झालं असेल ह्याचं.” मग सुनेकडे वळल्या. “तू त्याला जपायलाच गेलीस ना? मग रडतेस काय? डोळे पूस आन बस इथं. उघडताना बघ. माझ्या डोळ्यांचं काय खरं नाय आता.”

संध्याकाळी विलासने आईला तिच्या शब्दाची आठवण करून दिली. ओरडला नाही, नुसतं म्हणाला, “आई, तूच बोलली होतीस.”

“मी बोलली, बंद पडला की. हा बिघडलाय. तुझ्या बापाला वर्षानुवर्षं दमा होता. आमी काय त्याला खोकला आला की तिरडीवर बांधत होतो?”

“मग कधीपर्यंत?”

इंदूताईंनी विचार केला. “दसऱ्याला हत्यारं पुजतो ना आपण? त्या दिवशी हा चालता नसला तर चावी तुझी.”

गणपती त्या कॅमेऱ्यात गेले. मी आठवड्यातून एकदा तरी जाऊन बसायची. मिसळणाचा डबा उघडा, सासू-सून समोरासमोर. हात दोघींचे, डोळे नयनाचे. “काय दिसतं?” “पांढरी भुकटी, पाकळ्यांच्या खाली.” “कापूस फिरव. दाबू नको, गाल पुसल्यासारखा.” शटरच्या पोलादी पाकळ्या पांढऱ्या पेट्रोलमध्ये धुवून त्यांनी एकेक वाळवली. भुकटी सगळी निघाली, तेल निघालं. आणि सगळ्यात शेवटी कळलं की पाकळ्या मिटवणारी केसाएवढी बारीक स्प्रिंग तुटली आहे. गंजाने आधीच खाल्ली होती, अडकलेल्या पाकळ्यांचा जोर तिला सहन झाला नाही.

इंदूताईंकडे एक ट्रंक होती, तिला त्या मसण म्हणायच्या. बोईसर-पालघरातल्या मेलेल्या कॅमेऱ्यांची हाडं तिच्यात ठेवलेली. सगळं मसण उपसलं, पण त्या मापाची स्प्रिंग मिळाली नाही. पेनातली जाड निघाली. पालघरच्या घड्याळजीने दिलेली वाकवताच मोडली. कव्हरांचा व्यापारी दुकानाचं माप घेऊन गेला. इंदूताईंनी टेपचं दुसरं टोक कुणाला धरू दिलं नाही, तेव्हा ते त्याने स्वतःच्या पायाखाली दाबून माप घेतलं.

अशा वेळी दातिवऱ्याची काशीबाय आली. मासे सुकवणारी, विकणारी, इंदूताईंपेक्षा वयाने मोठी. नारळी पौर्णिमा झाली की भिंतीचा फोटो काढायला दातिवऱ्याला येते, असा इंदूताईंचा शब्द होता आणि तो पाळायचा राहिला होता. काशीबायने टोपली दारात उतरवली, उघडा कॅमेरा पाहिला, सगळी हकिगत ऐकली. तिच्या घरात नातवंडांचे चार मोबाईल होते. ते तिच्या लेखी नव्हतेच.

“इंदू,” ती म्हणाली, “तुझा डबा मेला तर मी कशी मरू?”

इंदूताईंनी चिमट्यातली मोडकी स्प्रिंग तिला दाखवली. अशी बारीक, चिवट, न गंजणारी तार कुठे मिळत नाही, म्हणाल्या. काशीबायने ती डोळ्यांजवळ नेली, मग दूर नेली.

“आमचे पोरगे गळाला लावतात ती तार चालंल? सुरमईच्या दातांनी तुटत नाय. खाऱ्या पाण्यात सडत नाय.”

दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरबरोबर कागदात गुंडाळलेलं तारेचं भेंडोळं आलं. त्याला सुकटीचा वास होता. सगळ्यात बारीक तार निवडून इंदूताईंनी ती शिवणाच्या सुईभोवती वळवली. पहिल्या काही वाया गेल्या. एक सैल झाली, एक उडून कुठे गेली ते आजतागायत कळलेलं नाही. डॉक्टरांनी मोतीबिंदूची तारीख दिली होती, ती त्यांनी पुढे ढकलली. ऑपरेशननंतर महिनाभर खाली वाकायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते आणि खाली वाकल्याशिवाय यातलं काहीच होत नव्हतं. मी सांगून पाहिलं की डोळे आधी. “बाई, डोळे कुठं पळून जातात,” एवढंच उत्तर मिळालं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी विलास पहिल्या पाळीवरून आला तेव्हा कॅमेरा जोडून झाला होता. मिसळणाच्या वाट्या रिकाम्या होत्या. इंदूताईंनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि मुलाच्या हातात दिलं.

“घे. घड्याळ तू धर. माझ्यावर भरवसा ठेवू नको.”

त्यांनी एकावर लावून सोडलं. कर्रर्र, टक. विलास काट्याकडे बघत राहिला.

“परत कर,” तो म्हणाला.

परत तोच आवाज, तेवढाच. मग निमकी. मग पावकी. नयनाचे ओठ हलत होते, तीही आतल्या आत म्हणत होती. खालपर्यंत सगळे पाढे झाले. विलासने घड्याळ परत आईच्या मनगटावर बांधलं, तबकडी आतल्या बाजूला करून. मग म्हणाला, “त्याला नाय म्हणून कळवतो.” आणि हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा पाटावर बसला. नयना हळदकुंकवाचं तबक घेऊन पुढे झाली तर इंदूताई कडाडल्या, “लांबून! परत पावडर काय?” कॅमेऱ्याची पूजा नुसत्या झेंडूवर झाली.

त्यानंतर दातिवऱ्याला मीही गेले होते. काशीबाय उंबऱ्यात बसली, नाकात मोत्याची नथ, भोवती नातवंडं मोबाईल रोखून. इंदूताईंनी झाकण उघडलं, मान खाली घातली. काशीबायला वाटलं, ही आपल्याला नमस्कार करते आहे, म्हणून तिनेही मान खाली घातली. टक झालं. पहिल्या फोटोत आला तो काशीबायचा भांग. इंदूताई रागावल्या तर ती म्हणाली, “तू वाकली म्हणून मी वाकली. माझ्या दारात येऊन तूच एकटी वाकणार काय?” दुसरा फोटो छान आला. तो अजून पेटीतच आहे. काशीबाय अजून टोपली घेऊन बाजारात बसते आणि भिंतीवर जायची तिला घाई नाही.

मग इंदूताईंनी डोळे करून घेतले. डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही. तीन-चार दिवसांनी मी समाचाराला गेले तर बाई स्टुडिओत, काळा चष्मा लावून ताठ उभ्या, कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर आणि त्याच्या झाकणावर पावडरच्या डबीतला आरसा तिरका चिकटवलेला. मान ताठ ठेवून आरशात बघून फोटो काढणं चाललं होतं. मी म्हटलं, अहो, पण अशाने सगळं उलटं दिसत असेल ना, डोकं खाली, पाय वर?

“दिसतं तर. माणसं उलटी टांगलेली दिसतात. काय बिघडलं? ह्या गावात मी बऱ्याच जणांना उलटं बघितलंय.”

डॉक्टरांचा शब्दही मोडला नाही आणि गिऱ्हाईकही परत गेलं नाही. फक्त महिना संपल्यावर त्यांनी आरसा काढून टाकला आणि पुन्हा वाकायला लागल्या. “ताठ मानेनं फोटो बरा येत नाय,” म्हणाल्या. नव्या डोळ्यांनी त्यांना काय दिसलं असेल तर दुकानातली जळमटं. नयनाला आठवडाभर बोलणी खावी लागली.

त्यानंतर त्या काही वर्षं होत्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका भर दुपारी. निघाले होते, रिक्षा उभी होती. तेवढ्यात मालाने भरलेला एक भलामोठा ट्रक येऊन स्टुडिओच्या दाराशी थांबला आणि दुकानात अंधार झाला. आत कुणीतरी आजी भिंतीच्या फोटोसाठी बसलेली होती. इंदूताई काठी टेकत दारात आल्या. वय झालं होतं, खांदे उतरले होते. पण आवाज तोच. “ओ ड्रायव्हर! गाडी पीछे ले. मेरा उजाला रोका है तूने.” ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी म्हणाला, पाच मिनिटं, आंटी, किंवा तसंच काही. इंदूताईंनी काठी ट्रकच्या बोनेटवर ठेवली, मारली नाही, नुसती ठेवली, आणि तशाच उभ्या राहिल्या. माझी रिक्षा हलली. मी मागे वळून पाहत राहिले. वळण येईपर्यंत ट्रक मागे सरकायला लागला होता आणि दारातली त्यांची सावली उजेडात येत होती.

त्यांचा स्वतःचा भिंतीचा फोटो त्यांनी स्वतःच काढून ठेवला होता, कुणाला न सांगता. गिऱ्हाइकांच्या आरशासमोर उभं राहून, कॅमेरा पोटाशी धरून, दुकानातल्या उजेडात, पूर्ण एक सेकंदाचा. एक सेकंद न हलता उभं राहणं किती कठीण आहे ते करून बघा. फोटोत बाजूला दोरीचा कंगवा लोंबतो आहे. आणि या फोटोत त्यांची मान खाली नाही. त्या सरळ समोर बघताहेत. विलासने तो स्टुडिओत लावला आहे, घरात नाही.

मिहिर, तुझ्या कॅमेऱ्याबद्दल एवढंच. ‘चालत नाही’ म्हणजे काय, ते आधी बघ. फळीवरून खाली काढ, सगळ्यात सावकाश आकड्यावर लाव, कानाशी धर आणि सोड. काय ऐकू येतं ते मला फोनवर सांग. मी नयनाला विचारीन. उघडायचा झाला तर तुमच्याकडे मिसळणाचा डबा आहे, मीच दिलेला. तन्वीने त्यात कानातली ठेवली आहेत, ती काढा.

आता काय उरलं आहे ते सांगते आणि थांबते. कॅमेरा बनवणारी कंपनी नाही. दत्ताभाऊ नाहीत, इंदूताई नाहीत. रोल मुंबईहून मागवावे लागतात, कधी मिळतात, कधी नाही. दुकान आहे, त्यात कव्हरं आलेली नाहीत. कॅमेरा तिथेच आहे आणि त्याच्या पोटात दातिवऱ्याची तार आहे. रोज सकाळी देवाला फूल वाहण्याआधी नयना तो कानाशी धरते आणि पाढे म्हणवून घेते. काल मी समोर बसून ऐकले. एका सेकंदाला अजून एकच सेकंद लागतो.